संत्र्यांच्या दिवसांतला पिवळेपणा

डिसेंबरात आमच्या कोरियातल्या जेजू बेटावर कुणाचे तळहात पिवळे नसतात हो? संत्री तोडायची आणि तोडता तोडता खायची. महिन्याभरात अंगाला रंग चढतोच. बू गिलजाला तर दरवर्षी चढायचा. साठी उलटली तरी बागेत तिच्या हाताची बरोबरी कुणाला जमत नसे, आणि तोंडाची तर नाहीच नाही. म्हणून ती यंदा जरा जास्तच पिवळी दिसायला लागली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, यांग संगबोने, चेष्टाच केली.

"अगं, पेट्यांजवळ नको बसूस. व्यापारी घेऊन जाईल!"

"नेऊ दे की! तिकडे तरी आयतं जेवण मिळेल."

पोटदुखी त्याआधीच सुरू झाली होती. शेजारच्या लग्नात डुकराचं चरबीदार मांस खाऊन आली आणि उजव्या बरगडीखाली जी कळ उठली, ती थेट पाठीत गेली. संगबोने अपचनावरच्या आमच्या रीतीप्रमाणे तिचा अंगठा दोऱ्याने आवळून सुईने टोचला. काळपट रक्त आलं.

"बघ, अपचनच!" तो म्हणाला. थोड्या वेळाने कळ थांबली. थांबली, तिथेच घात झाला!

मग अंगाला खाज सुटली. लघवी गडद चहासारखी व्हायला लागली, तर म्हणे संत्र्यांचाच रंग. शौचाला पांढरट होत होतं, ते तर तिने लाजेपायी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आग लागो असल्या लाजेला!

एका सकाळी झाडाखालीच तिला हुडहुडी भरली. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिलेच नाहीत, पापणी खाली ओढली.

"आजोबा, संत्र्यांनी कातडी पिवळी होते, डोळे नाही होत. पित्ताचा खडा नळीत अडकलाय. आत पू होऊन विष रक्तात गेलंय. डोळे कधीपासून असे आहेत?"

संगबोला सांगता येईना. तोडणीच्या दिवसांत दोघं झाडाच्या दोन अंगांना असायची. जेवताना तो ताटात बघायचा. बायकोच्या डोळ्यांत कोण बघत बसतंय!

नळी घालून तुंबलेलं पित्त काढलं, पण रक्तदाब काही चढेना. दुपारी गिलजा जरा शुद्धीवर आली. तो वाकून बघत होता.

"अहो, काय बघताय एवढं?"

"तुझे डोळे."

"आत्ता होय?" ती म्हणाली.

संध्याकाळी ती गेली.