न वाजलेलं दार

अप्पांना घेऊन मी अमेरिकेला गेलो ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. धाकट्या बहिणीला तिकडे मुलगी झाली होती. आई त्याआधीच वारली होती. नात बघायला अप्पांना एकट्याने जाणं शक्य नव्हतं, इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. कोल्हापूरच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक होतो तिथून मला तीन आठवड्यांची रजा मिळाली. अप्पांचं पेठ वडगावात कापडाचं दुकान होतं, ते त्यांनी चुलतभावावर सोपवलं.

प्रवासाची तयारी माझ्याकडे होती. परदेशी जाऊन आलेल्या दोघा-तिघांना विचारून मी विमानतळावरचे टप्पे कागदावर उतरवले. सामान कुठे द्यायचं, पासपोर्टवर शिक्का कुठे मारतात, तपासणीच्या दारातून जाताना अंगावरचं काय काय काढायचं: पट्टा, घड्याळ, किल्ल्या, सुटी नाणी. युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि त्यासाठी दोन तास दहा मिनिटं होती, तेही लिहिलं. अप्पांनी कागद वाचला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लगीन काढल्यागत यादी केलीयास की."

त्या यादीत एक गोष्ट नव्हती. आम्ही लिंगायत. दीक्षा झाली की इष्टलिंग गळ्यात येतं. ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं, आणि माणसाला पुरतात तेही त्याच्या सोबत. अप्पा एरवी ते पांढऱ्या कापडात बांधून गळ्यात घालत. लग्नकार्याला मात्र चांदीची डबी असे. परदेशी नात बघायला जायचं हे त्यांच्या लेखी कार्यच होतं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी डबी बाहेर काढली, रांगोळीने घासली आणि लिंग तिच्यात ठेवलं. मी समोर बसून चहा पीत होतो. डबी चांगली निघाली, एवढंच मी म्हणालो.

माझ्या गळ्यात काही नव्हतं. नव्वदच्या दशकात नोकरी लागून कोल्हापुरात खोली घेतली त्या वर्षी दोरा तुटला. लिंग पत्र्याच्या पेटीत ठेवलं. नवा दोरा आणायचा राहिला, पुढे आणावासा वाटला नाही. त्यामागे काही विचार होता असं म्हणता येणार नाही. अप्पांना हे सांगितलं नव्हतं. वडगावला गेलो की पूजा कोल्हापुरात उरकून आलोय असं सांगायचो. शर्टाच्या आत काय आहे हे कोणी बघत नाही.

मुंबईच्या विमानतळावर अप्पा तपासणीच्या दारातून गेले आणि दार वाजलं. तपासणीला उभा असलेला माणूस मिरजेकडचा निघाला. त्याने शर्टावरूनच डबी चाचपली, गाव विचारलं आणि हसून अप्पांना पुढे जाऊ दिलं. "मशीनला ह्यातलं काय समजायचं, अप्पा," तो म्हणाला. अप्पांनी त्यालाही पाहुणा करून टाकलं. वडगावात आलास तर दुकानात ये म्हणून पत्ता दिला. हा प्रश्न इथे सुटला तसा सगळीकडे सुटेल, असं मी धरून चाललो. बातमीत एका माणसाच्या सांगण्यावर असा निष्कर्ष मी कधी काढला नसता.

मुंबईचं विमान उशिरा सुटलं. युरोपात उतरलो तेव्हा दोन तास दहा मिनिटांतली पन्नास उरली होती. तो विमानतळ गावाएवढा होता. एका इमारतीतून दुसरीत जायला रेल्वे होती, पिवळ्या पाट्यांवर अक्षरं आणि आकडे होते, चालत्या पट्ट्यावर उभं राहिलेल्या माणसांना मागचे लोक बाजूला व्हायला सांगत होते. अप्पा पट्ट्यावर चढायला तयार नव्हते. आम्ही त्याच्या शेजारून चालत गेलो. पुढच्या विमानासाठी पुन्हा तपासणी होती आणि रांगेत बरीच माणसं. आमचा क्रमांक आला तेव्हा विमानाचं दार बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. ते चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी.

माझ्यासाठी दार वाजलं नाही. अप्पांसाठी वाजलं. हातमोजे घातलेल्या बाईने छातीकडे बोट दाखवलं आणि ते काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. मी तिला म्हणालो की ही देवाची वस्तू आहे. तिने मान हलवली आणि पुन्हा ट्रेकडे बोट केलं. मागे रांग होती. मी घड्याळ काढून ठेवलेलं होतं, तरी मनगटाकडे बघितलं.

"अप्पा, काढा. मिनिटाचं काम आहे."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो, "विमान जाईल." त्यांनी दोन्ही हातांनी दोरा डोक्यावरून काढला आणि डबी डाव्या तळहातावर धरून उभे राहिले, पूजेला धरतात तशी. कुठे ठेवायची हे त्यांना कळेना. त्यांचा ट्रे आधीच यंत्राच्या तोंडाशी गेला होता. मी डबी त्यांच्या हातातून घेतली आणि त्याच ट्रेमध्ये ठेवली. त्यात त्यांच्या चपला होत्या.

ट्रे आत गेला, थांबला, मागे आला. पडद्यासमोरच्या माणसाने डबी उघडली, आतलं काळं लिंग दोन बोटांत धरून फिरवून बघितलं, त्यावरून कापडाची पट्टी फिरवली आणि दुसऱ्या यंत्रात घातली. मग सगळं परत दिलं. त्याने आदराने दिलं, हे नोंदवायला हवं. बूट घालायला मी बाकावर बसलो तेव्हा समोरच्या भिंतीवरची पाटी वाचली. धार्मिक कारणासाठी अंगावरची वस्तू काढायची नसेल तर वेगळ्या खोलीत तपासणीची विनंती करावी, असं तिच्यावर चार भाषांत लिहिलं होतं. ती रांगेतूनही दिसत होती. इंग्रजी वाचता येत होतं ते दोघांपैकी मला.

विमान मिळालं. पळत जावं लागलं नाही.

विमानात अप्पा खिडकीशी बसले. पाणी आलं, ते त्यांनी परत पाठवलं. अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय घोट घेणार नाही म्हणाले. अंघोळीला बहिणीच्या घरापर्यंत बारा-तेरा तास होते. मग त्यांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"तुझं वाजलं न्हाई."

"माझं कापडात बांधलंय," मी म्हणालो.

हे उत्तर आधी ठरवलेलं नव्हतं. ते लगेच आलं, आणि पुरेसं वाटलं. अप्पांनी थोडा विचार केला.

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"राहून गेलं."

एका खोट्याला हा दुसरा अर्थ फुटेल हे मला बोलायच्या आधी सुचलं नाही. आता वस्तुस्थिती अशी झाली की मुलाने स्वतःचं सांभाळलं आणि बापाचं चपलांत ठेवलं. खरं सांगितलं असतं तर अप्पा चिडले असते, कदाचित परतीपर्यंत बोलले नसते. पण ते माझ्या अंगावर आलं असतं. बहिणीच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी पाणी घेतलं नाही.

गावी परतल्यावर त्यांनी जंगम स्वामींना बोलावून शुद्धी करून घेतली. काय झालं ते स्वामींना सांगितलं, तेव्हा माझं नाव घेतलं नाही. चांदीची डबी त्यानंतर गळ्यात घातली नाही.

काही महिन्यांनी संपादकांनी रविवारच्या पुरवणीसाठी परदेश प्रवासावर मजकूर मागितला. तेव्हा कोल्हापूर, शिरोळ, वडगाव इथल्या घराघरांतून पोरं बाहेर जात होती आणि मागोमाग आईबाप बाळंतपणाला, नातवंडांना बघायला. मी टप्प्याटप्प्याने लिहिलं. तपासणीच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "गळ्यातील पूजेची वस्तू धातूच्या डबीत न ठेवता कापडात बांधावी." ते कुठून कळलं हे लिहिलं नाही.

अप्पांनी ते कात्रण दुकानात काचेखाली लावलं. आमच्या लोकांत ते माहीत झालं. ज्यांना जायचं असे ते दुकानात येत, अप्पा त्यांना गादीवर बसवत आणि समजावत. त्यात एक वाक्य ठरलेलं असे: आमचं पोरगं कापडात बांधून गेलतं, त्याचं वाजलं न्हाई, माझं म्हाताऱ्याचं डोकं चांदीत गेलं. लोक हसत. मी तिथे असलो तर मीही हसायचो. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली होती आणि शहाणपण मला देऊन टाकलं होतं. त्यांची ही समजूत मोडायला मी धजलो नाही. वर्षं जात गेली तसं ते अवघडच झालं.

शिरोळहून एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली ती दुपार मला आठवते. त्यांचा मुलगा इंग्लंडात होता. अप्पांनी सगळं सांगितलं. मास्तर चौकस होते. कापडाला पिळा किती द्यायचा, दोरा आतून घ्यायचा की वरून, असं विचारत होते. अप्पा म्हणाले, "त्याचंच बघा की. दाखव रे ह्यास्नी, कसं बांधतूस."

मी उठलो नाही. शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत हात गेला आणि तिथेच राहिला. मास्तर बघत होते. मास्तरांची बायको पदर सावरून नम्रपणे दुसरीकडे बघायला लागली. अप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. किती वेळ, ते सांगता येणार नाही. फार नसावा.

मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या दोन गुंड्या काढल्या.

"त्याचं ऱ्हाऊ द्या मास्तर," ते म्हणाले. "माझंच बघा. त्याला बी मीच शिकिवलंय."

मास्तर पुढे सरकून बघायला लागले. अप्पांनी कापड बोटाने उचलून, सावकाश, दोनदा दाखवलं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. लोक गेल्यावर त्यांनी कात्रणावरची काच फडक्याने पुसली आणि तागे लावायला घेतले. मी हाताखाली उभा राहिलो. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी वरच्या फळीवरचा निळा तागा मागितला.

त्यानंतर अप्पा अकरा महिने होते.