सही न करणारे मामाजी

मामाजी गेले त्या दिवशी त्यांच्या घरी लोक हसत होते. हे वाचून कुणाला वावगं वाटेल, पण मी तिथं होतो. कोराडीला आमच्या ऑफिसात सकाळीच फोन आला आणि मिळेल त्या बसनं सुमन आणि मी नागपूरला निघालो. सुमन माझी बायको, मामाजींची एकुलती एक लेक; आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. गल्लीत वळलो तर अंगणात गांधीबागेतले दुकानदार, हमाल, शेजारीपाजारी, असे बरेच लोक जमलेले आणि त्यांच्यातून हशा उठलेला. कुणीतरी मामाजींच्या बेचाळीस सालच्या अटकेची गोष्ट सांगत होतं. सुमननं डोळ्यांना पदर लावला आणि त्या पदराआड तीही हसायला लागली... त्याला आता सव्वा महिना झाला. सासऱ्यावर लेख लिहिणारे जावई फारसे नसतात. मला मात्र लिहायचंय, कारण या माणसाकडे मी एकदा एक खोटा कागद घेऊन गेलो होतो आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आधी ती अटकेची गोष्ट सांगतो. मामाजींचं नाव दादाराव. गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात त्यांनी उभी हयात नोकरी केली. बेचाळीसच्या ऑगस्टात ते विशीचे होते. शेठनं त्यांच्या डोक्यावर एका मंडपवाल्याकडे पोचवायचा कापडाचा गठ्ठा दिला. वाटेत मोर्चा लागला, लाठ्या सुरू झाल्या, लोक दिसेल त्या बोळात पळाले. हे गठ्ठ्यासकट मधोमध उभे. शेठचा माल टाकून पळायचं कसं, हा त्यांना पडलेला प्रश्न. शिपायानं गठ्ठा सोडला तर आत तीन तागे निघाले... एक केशरी, एक पांढरा, एक हिरवा! झेंड्यांचा कारखानाच सापडल्याच्या थाटात त्यांना उचलून नेलं आणि सहा महिने आत टाकलं. "आता त्या शिपायाचं तरी काय चुकलं, सांगा!" असं म्हणून मामाजी स्वतःच मोठ्यानं हसायचे.

जेलात त्यांच्या बराकीतलं जेवण वाढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यामुळे कोण कुठं बसायचा, कोण भाकरीचा काठ टाकायचा, कोण शेजाऱ्याच्या वाटीत हात घालायचा, हे सगळं त्यांना अखेरपर्यंत पाठ होतं. पुढारी लोकांची भाषणं ते विसरले होते. त्यांची भूक तेवढी लक्षात होती.

ही आठवण पुढं फार मोलाची ठरली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट द्यायचं ठरवलं. जेलचे कागद सगळ्यांचेच कुठं सापडत होते? मग आपल्याबरोबर शिक्षा भोगलेल्या कैद्याचा दाखला लागायचा. झालं, मामाजींच्या बैठकीत लोकांची रीघ लागली. त्यात खरे होते तसे अगदी धडधडीत खोटेही होते. मामाजी कुणालाच तोंडावर खोटं म्हणत नसत. ते फक्त विचारायचे, "भाकर कशी होती गा जेलातली?" खोटा माणूस भारतमातेपासून सुरुवात करायचा. "खरा माणूस आधी भाकरीले शिव्या देते," मामाजी मला म्हणाले, "देशाचं त्याले मग आठवते." ज्यानं शिव्या दिल्या त्याला चहा आणि सही, आणि ज्यानं दिल्या नाहीत त्याला नुसता चहा. स्वतःसाठी मात्र त्यांनी अर्ज केलाच नाही. मी एकदा भांडलो तेव्हा म्हणाले, "मी देशासाठी कुठं गेलो, जवाईबापू? मी तं गठ्ठ्यासाठी गेलो."

आणि इथं माझे वडील येतात. बाबा कोर्टातले निवृत्त कारकून. अर्ज लिहावा तर त्यांनी. त्यांचा मसुदा वाचून साहेब खुर्चीत सरळ बसायचे. बेचाळीस साली आपण भूमिगत होतो असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेले. आजीनं मला जाता जाता सांगून ठेवलं होतं की पहिली लाठी पडताच तिचा लेक आजोळी गेला तो दोन महिन्यांनी वजन वाढवूनच परत आला. पण वर्षानुवर्षं सांगून ती गोष्ट बाबांना स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. वस्तीतल्या एका चहाडखोर माणसाला ताम्रपट मिळाला आणि बाबांची झोप उडाली. त्यांनी स्वतःच झकास दाखला टाइप करून घेतला, सही करणाऱ्याच्या जागी दादारावांचं नाव घातलं, आणि मला म्हणाले, "जा, घेऊन ये. घरचाच माणूस आहे." मी गेलो. मला सगळं ठाऊक असून गेलो, हीच माझी कबुली.

मामाजींनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणाले, "इवाईबुवा माह्या वाढण्यात नव्हते, जवाईबापू." इवाईबुवा म्हणजे व्याही, माझे बाबा.

मी म्हणालो, "मामाजी, एक सहीच तर आहे. किती जणांना असंच मिळालंय, तुम्हालाही माहीत आहे."

"त्याहिले मिळालं तं मिळालं. माह्या सहीनं नाही मिळालं." मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पोरीले तरास होईन काय गा?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, "थोडा होईल."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तरी नाही होनार माह्याच्यानं," ते म्हणाले, आणि कागद माझ्या खिशात ठेवला.

त्रास झालाच. बाबा तेव्हा आमच्याकडेच, कोराडीच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांनी आदळआपट काही केली नाही, फक्त सुमनच्या हातचा चहा घेणं बंद केलं. सकाळी उठून कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचे. वसाहतीतल्या सगळ्या बायकांना दोन दिवसांत ते कळलं. मी सुमनला म्हटलं, मामाजींनी केली असती सही तर काय बिघडलं असतं? ती तवा खाली उतरवत म्हणाली, "काय बिघडलं असतं? मले माहेरी जायची लाज वाटली असती." त्या रात्री मला माझीच लाज वाटली, हे लिहायला आता काही हरकत नाही.

पंधरा दिवसांनी एका रविवारी मामाजीच दारात उभे, हातात कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा. बाबांना नमस्कार करून म्हणाले, "इवाईबुवा, आज माह्यासंगं खाप्याले चाला. तिथून आल्यावर तुमीच सांगा, म्या सही करू का नोको. तुमी म्हनसान तसं करीन." बाबांना वाटलं, गाडी रुळावर आली. कोट चढवून, तो दाखला आतल्या खिशात घालून ते निघाले, आणि तिसरा मी.

खाप्याला झिबल नावाचा विणकर राहत होता, मामाजींच्याच बराकीतला. गेलो तेव्हा मागावरच बसलेला. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, धोटा डाव्या हातानं फेकायचा. तारा तोडताना त्याला पकडलं होतं. बरोबरच्यांची नावं काढून घ्यायला पोलिसांनी त्याची बोटं ठेचली, पण पठ्ठ्यानं दुसऱ्यांचं सोडा, स्वतःचंही नाव सांगितलं नाही. भलत्याच नावानं शिक्षा भोगून बाहेर आला. आता त्या नावाचा माणूस जगात नाही आणि झिबलच्या नावाचा कागद जेलात नाही. मामाजींची सही असूनही त्याचा अर्ज तीनदा परत आलेला.

हे मामाजींनी सांगितलं तेव्हा झिबल नुसता हसत होता. मग एकदम बाबांकडे वळून म्हणाला, "याचं यानं सांगतलं काय तुमाले? आठ दिवसांनी याचा शेठ कागद घेऊन आला. 'माहा या चळवळीशी काही संबंध नाही,' एवढंच लिवलं होतं. खरंच तं होतं ते! सही केली का सुटून घरी. पन माह्या दोनी हाताले पट्ट्या... मले घास कोन भरवन? यानं नाही केली सही. शेठ चिडून गेला. रोज दोन वक्त भरवलं यानं मले."

"अरे, अर्धी भाकर तं मीच खात होतो तुही," मामाजी घाईघाईनं म्हणाले. "तुले कुठं समजत होतं!" आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आतल्या खिशातून तो टाइप केलेला दाखला काढला, उलटा केला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. "झिबलभाऊ," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगा. सावकाश." त्या कागदाच्या पाठीवर त्यांनी जो मसुदा लिहिला, तो माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मसुदा. परत आल्यावर सहीचा विषय कुणीच काढला नाही. बाबांनी दारातूनच हाक मारली, "सुमन, दोन कप चहा टाक वं. दादाराव आले आहेत."

झिबलचा ताम्रपट यायला पुढं दीड वर्ष आणि बाबांची अकरा पत्रं लागली. तो दाखवायला झिबल थेट गांधीबागेत दुकानावर आला. पट असा लखलखीत, की मामाजींनी डोळे मिचकावले. त्याच्या बायकोनं चिंच लावून घासला होता, घरातला पाण्याचा गुंडा घासावा तसा! दुकानातल्या सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला. मामाजींनी तर दोनदा. तेव्हा बाबांनी त्यांच्यामागे लकडा लावला, की आता तुमचाही अर्ज मी लिहितो. मामाजी म्हणाले, "कारावासाचं कारन म्हनून एक रकाना असते, इवाईबुवा. त्यात काय लिवता? गठ्ठा?"

सन्मान लायक माणसाला मिळतो का, यावर लोक तावातावानं बोलतात. मीही बोलायचो. त्या वस्तीतल्या चहाडखोराच्या भिंतीवर तो पट अजून आहे, आणि मामाजींच्या भिंतीवर काही नाही. याचा मला राग येतो, अजूनही येतो. पण त्या दोन व्याह्यांची पुढची बारा-तेरा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली. दर रविवारी बाबा मामाजींच्या बैठकीत जायचे. एकानं आठवायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मध्येच भांडण, मग चिवडा, मग परत अर्ज. दोघं इतके खूश असायचे की आत सुमनची आई म्हणायची, "याहिलेच काही तरी भेटलं वाटते आज."

मागच्या रविवारी बाबा म्हणाले, मला तिथं सोड. आता त्यांना नीट दिसत नाही, तरी गेले, बरोबर सुमन आणि मी. बैठकीत मामाजींची गादी तशीच होती, तिच्यावर ते बसले नाहीत. नेहमीच्या बाजूला, भिंतीला टेकून बसले. तासाभरानं एक माणूस आला. त्याचे वडील जेलात होते, कागद नव्हता. दादाराव गेल्याचं कळल्यावर तो उठायला लागला, तर बाबांनी त्याला खाली बसवलं आणि वही पुढं ओढली. त्या माणसानं मोठ्या आदरानं विचारलं, "काकाजी, तुमीबी होते काय त्याहिच्यासंगं आत?"

सुमन चहा घेऊन दारात आलेली, ती तिथंच थांबली. बाबांनी मामाजींच्या गादीकडे बघितलं.

"नाही गा," ते म्हणाले. "मी तवा माह्या मामाच्या घरी होतो. दोन महिने. दोनी वक्त तूप-पोळी खाऊन राहिलो होतो."

आणि समोरच्यानं विचारलं नव्हतं, तरी त्या गावाचं नावही त्यांनी सांगितलं.