हरकतदार गैरहजर

"वास येतोय. त्यांना बाहेर बसवा."

माझ्याकडे बघून नाही, शिपायाकडे बघून सांगितलं. नगरपरिषदेचं सभागृह. शहराच्या विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायला बोलावलेलं. माझ्या हातात माझ्या नावाची नोटीस. त्या सकाळी मी तीन वेळा लिंबाने हात घासले होते. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तरी वास येत होता.

बोलणारा समितीचा अध्यक्ष. नगरसेवक, आंब्याचा मोठा बागायतदार. त्याच्या घरी दर पावसाळ्याआधी माझ्या हातचे सोडे, सोलून सुकवलेली कोळंबी, जातात. मागच्या दाराने. त्याची बायको मूठभर सोडे नाकाशी धरून बघते, नीट सुकलेत ना म्हणून. सोड्यांचं कालवण असलं की साहेब दोन घास जास्त जेवतात, हे तिनेच मला कौतुकाने सांगितलेलं. तेव्हा वास येत नाही.

मी तोंड उघडायच्या आत आई उठलीसुद्धा. तिला सवय आहे. सुकी मासळी घेऊन राजापूरच्या बाजाराला जाताना ती एसटीत आपणहून शेवटच्या सीटवर जाऊन बसते. कुणी सांगायची वाट बघत नाही.

"जाव दे गो बाय," ती म्हणाली. "वास येतो ता खराच हाय. हाक मारतील तेवा जाव."

आणि मी गेले. मुकाट्याने गेले. त्याची लाज मला अजून वाटते.

व्हरांड्यात बसून मी हरकत मनात घोकत होते. खाडीच्या तोंडाशी आमचं खळं आहे. आम्ही एकोणीस बायका तिथे मासळी सुकवतो. बोंबील दोरीवर, सुकट जमिनीवर, सोडे जाळ्यावर. दसरा झाला की गवत खरवडायचं, जमीन चोपायची, शेणाने सारवायची. मे महिन्यापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. पावसात होड्या वर ओढलेल्या, मासळी बंद, खळ्यावर गुडघाभर गवत. नेमके तेव्हाच मोजणीवाले आले. छत्री धरून दहा मिनिटं उभे राहिले आणि लिहून गेले, पडीक मोकळी जागा. आराखड्यात तिथे आता पर्यटकांच्या गाड्यांचा तळ आहे. खळं गेलं तर मासळी काय छपरावर सुकवू? एवढंच सांगायचं होतं.

हाक आलीच नाही. दुपारी शिपाई डबा घेऊन बाहेर पडला. मी विचारलं, तर म्हणाला, "तुमचा नंबर कधीच झाला."

मी आत घुसले.

"नाव पुकारलं, तुम्ही नव्हतात," अध्यक्ष म्हणाला. आवाज एकदम गोड.

"तुम्हीच बाहेर बसवलंत."

तो शेजारच्या इंजिनीअरकडे वळला. "यांची लोकं अशीच. वेळेवर यायचं नाही आणि मग बोंब मारायची."

सगळे हसले. कारकूनही हसला.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. टेबलावरची वही मी ओढून घेतली. दहावी झालेय मी, वाचता येतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. "हरकतदार गैरहजर. हरकत फेटाळली." मग पुन्हा वाचलं. हसणं थांबलं.

"मी ही इथे उभी आहे. खोडा ते."

"खोडता येत नाही," कारकून म्हणाला.

आई मागून पदर ओढत होती. मी पदर सोडवून घेतला. आईचा हात आयुष्यात पहिल्यांदा झिडकारला.

बाहेर पडताना गेटवर पहारेकरी दिसला. त्याच्यापुढे वही. येणाऱ्या प्रत्येकाने नाव, वेळ, सही करायची. वहीत सकाळी दहाची माझी सही होती. खाली आईचा अंगठा. आत बसलेल्या एवढ्या शहाण्यांच्या ही गेटवरची वही ध्यानातच आली नव्हती.

त्या पानाची नक्कल मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज केला, चार हेलपाटे घातले. प्रत्येक हेलपाट्याला मला व्हरांड्यातच थांबवलं. मी थांबले, पण या वेळी मान खाली घालून नाही. कोण आत जातो, कोणाला खुर्ची मिळते, कोणाला चहा, सगळं बघून ठेवलं. नक्कल जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार दिली. वरून लेखी आलं, हरकत पुन्हा ऐका.

मधल्या काळात अध्यक्षाच्या बायकोचा निरोप आला, यंदा सोडे दोन किलो जास्त हवेत. मी उलट निरोप धाडला, तुमच्या घराला आता सुकटीचं कूटसुद्धा नाही. एकोणीसही घरांतून हेच उत्तर गेलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

सुनावणी येत्या सोमवारी आहे. आई म्हणते, "नीट बोल हां. हात जोड."

हात जोडणार नाही. धुणारसुद्धा नाही. सकाळी खळ्यावर कोळंबी सोलायची आणि आम्ही एकोणीस जणींनी तशाच हातांनी जायचं. पहिल्या रांगेत बसायचं. आईला मधल्या खुर्चीत बसवणार, अध्यक्षाच्या बरोबर समोर. त्याने नाकाला रुमाल लावला तर लावू दे. दिवसभर लावून बसू दे.

आधी त्याने 'गैरहजर' लिहिलेल्या त्याच वहीत, स्वतःच्या हाताने, माझ्या नावापुढे 'हजर' लिहायचं. मी शेजारी उभी राहून बघणार. ते लिहून होईपर्यंत त्या सभागृहातून मी कुणालाही जेवायला उठू देणार नाही.