दाम उतरल्याचा निरोप

"लेबल फाडायचं नसतं अक्का, सोडवायचं असतं," असं म्हणून अण्णा करंगळी खोबरेल तेलात बुडवायचे. तेलाची लहान बाटली काउंटरखालच्या खणात असे. खोक्यावर चिकटवलेल्या किमतीच्या एका कोपऱ्याला ते तेल लावत, मग दुसऱ्या कोपऱ्याला, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत. चार-पाच मिनिटांनी लेबल अख्खं निघून यायचं. मग खोकं पुसून त्यावर नवा, उतरलेला दाम. किमतीला ते दाम म्हणत.

तुम्हीही दुकानांत पाहिलं असेल. किंमत कमी झाली की नवं लेबल जुन्यावरच डकवतात. मग तुम्ही-आम्ही काय करतो? नखाने खरवडतो. खाली काय होतं ते पाहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. एखाद्या वेळी खालून कमी किंमत निघते आणि मग दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. अण्णांच्या खोक्यांवर खरवडायला काही नसे.

मी नागपूरची. बंगळूरला व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत काम करते. कंपनी टॅब विकते, आणि किंमत उतरवली तर मागणी किती वाढेल हे सांगण्याचा मला पगार मिळतो. किंमत उतरली की मागणी वाढते हे भाजीवालीलाही ठाऊक असतं. तिला त्याचा आलेख काढता येत नाही, एवढाच आमच्यातला फरक.

लहान टॅबचं दुखणं जरा वेगळं होतं. मोबाइल दरवर्षी थोडे थोडे वाढत गेले आणि लहान टॅब होता तेवढाच राहिला. शेवटी दोघांत फरक उरला तो फक्त नावाचा. कंपनीने यावर एकच औषध काढलं, किंमत उतरवण्याचं. पहिल्यांदा उतरवली तेव्हा आठवडाभर झुंबड उडाली आणि मग शुकशुकाट. एकदा उतरलेली किंमत पुन्हा उतरेल म्हणून लोक वाट पाहत बसले. त्यांचं बरोबरच होतं. आम्ही पुन्हा उतरवली.

यशवंतपूरच्या घाऊक बाजाराजवळचं एक दुकान मात्र याला अपवाद निघालं. तिथे किंमत उतरली की मागणी वाढायची आणि वाढलेली टिकायची. माझ्या बॉसने आलेख पाहिला आणि म्हणाला, "कुछ गडबड है. जाके देखो." चांगलं काही दिसलं की त्याला आधी गडबड दिसते.

मी गेले. दुकान फोन, इस्त्र्या, पंखे असं सगळं विकणारं. त्यातल्या एका कोपऱ्यात आमच्या लहान टॅबचं काउंटर आणि काउंटरमागे अण्णा. आमच्या कंपनीने कंत्राटावर तिथे उभा केलेला माणूस; आमच्याकडे त्याला प्रमोटर म्हणतात. वय साठीला टेकलेलं. कंपनीचा निळा टी-शर्ट त्यांनी इस्त्रीच्या, पूर्ण बाह्यांच्या शर्टावर चढवला होता. टी-शर्ट हा वरून घालायचा कपडा आहे असं त्यांचं मत होतं. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. मी बोलत होते ते त्यांनी ऐकलं.

"मराठी काय? स्वल्प बसा अक्का."

शाळेतल्या स्वल्पविरामानंतर तो शब्द मला पहिल्यांदाच भेटत होता. मी पूर्णविराम येईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, बसले.

अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. तुम्ही कधी आलात, असं त्यांनी मला विचारलं. चार वर्षं झाली म्हटल्यावर म्हणाले, "हौदा? म्हणजे आत्ताच की." हौदा म्हणजे 'असं का', हे मला नंतर कळलं, तोवर मी दुकानात पाण्याचा हौद शोधत होते. माझं 'काहून' त्यांना कळेना. 'का'ला शेपूट कशाला, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोन मराठी माणसं एकमेकांना मराठी समजावून सांगत बसलो.

निघताना त्यांनी जरा आवाज खाली आणून विचारलं, "अक्का, हे काउंटर राहतंय की जातंय, ते तुमच्या कागदावर आहे म्हणतात. हौदा?"

"हो."

"या वयात मला दुसरं कोण उभं करतंय? बघा स्वल्प."

मी म्हटलं, तुमचा आलेख इतका चांगला आहे की राहणारच. मला तसं मनापासून वाटत होतं.

त्याच आठवड्यात किंमत तिसऱ्यांदा उतरायची होती. त्या सकाळी मी मुद्दाम दुकान उघडायच्या वेळी गेले. कंपनीचा हुकूम होता की दुकान उघडताच नवी किंमत लावावी. अण्णांनी लेबलांना हातही लावला नाही. खिशातून एक डायरी काढली. गेल्या पंधरवड्यात ज्यांनी ज्यांनी टॅब नेला त्यांचे फोन नंबर तिच्यात होते. ते एकेकाला फोन लावू लागले. बोलणं कन्नडमध्ये. काय सांगता म्हणून विचारलं तर त्यांनी मराठीत करून सांगितलं.

"नमस्कार अक्का. तुम्ही नेलेल्या टॅबचा दाम आज उतरला. पैसे परत मिळत नाहीत. तुम्हाला राग येणार. तर इकडं येऊन मलाच बोला."

"अण्णा, हे काहून? त्यांना कळलंसुद्धा नसतं."

"कळतंय की. शेजारीण सांगते. शेजारणीकडनं कळलेला दाम बोचतो. मग ती गल्लीभर सांगत सुटते, तिथं जाऊ नका, थांबा, अजून कम्मी होतंय. मी सांगितलं तर मलाच बोलते आणि मोकळी होते."

आमच्या ऑफिसात सात जण मिळून हा प्रश्न सोडवत होते आणि एकालाही तो सुटला नव्हता.

अर्ध्या तासात पहिल्या बाई आल्या. खानावळ चालवतात, हाताला पीठ तसंच होतं. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर उभे राहिले. बाईंनी कन्नडमध्ये तोंडाचा पट्टा सोडला. अण्णा मान न वळवता, मला कळावं म्हणून, मराठीत सांगू लागले.

"मला चोर म्हणतात."

थोड्या वेळाने, "आता माझ्या वडिलांचं काढलं."

मग, "आता कंपनीला म्हणतात. म्हणजे तुम्हाला."

मी उठून उभी राहिले. "बसा की," अण्णा म्हणाले, "स्वल्पच राहिलंय."

अकरा मिनिटांनी बाई थांबल्या. पाणी प्यायल्या. काउंटरवरचा टॅब उचलून उलटासुलटा पाहिला, नवा दाम विचारला आणि सुनेसाठी एक घेतला. जाताना अण्णांना "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलात का, असं विचारून गेल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते.

त्या दिवशी सहा जण रागवायला आले. चौघांनी आणखी एकेक टॅब नेला. पाचवा नुसताच रागावून गेला. सहावा देवनहळ्ळीचा टॅक्सीवाला. विमानतळाचं भाडं सोडून आला होता, म्हणून त्याचा राग सगळ्यांत लांब चालला. दुसऱ्या दिवशी तो मेव्हण्याला घेऊन आला. पहिल्या दिवशी सगळे येऊन गेल्यावरच अण्णांनी लेबलं बदलायला घेतली होती.

"राग यायला पाहिजे," ते म्हणाले. "राग आला तर माणूस येतो. राग नाही आला तर येतच नाही."

मग मी बऱ्याच शनिवारी जाऊ लागले. कंपनीला सांगायचे, निरीक्षण. एखादं गिऱ्हाईक संशयाने विचारायचं, दाम उतरला म्हणजे माल वाईट असणार. अण्णा टॅबवरून हात फिरवत म्हणायचे, "माल तोच आहे. फोन मोठे झाले म्हणून हा लहान दिसतो. ह्याचा काय दोष?" उंची न वाढलेल्या भाच्याची बाजू घ्यावी तसा त्यांचा स्वर असे. मला अण्णा आवडायला लागले होते, हे सांगून टाकते.

रिपोर्ट लिहिला तेव्हा त्यात एक अख्खं पान अण्णांवर होतं. डायरी, फोन, खुर्ची, अकरा मिनिटं, सगळं. बॉसने ते वाचलं. "बढिया है, लेकिन ये कहानी है. निकालो. डेटा रखो." मी पान काढलं. एकच बटण दाबावं लागलं. मागे राहिलं ते एवढंच: या दुकानात किंमत उतरली, मागणी वाढली आणि टिकली.

बैठकीत तो आलेख सगळ्यांना फार आवडला. इतका, की त्यांनी त्यातून निष्कर्ष काढला. मागणी टिकवायला किंमतच पुरते. मग काउंटरवर माणसं कशाला हवीत? ती काढावी आणि किंमत आणखी उतरवावी. रिपोर्टातला एकही आकडा चुकीचा नव्हता. मी त्या बैठकीत होते. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की तिथे एक माणूस फोन करतो. मी गप्प बसले. बढतीचा महिना होता आणि बढती झालीसुद्धा. त्याची लाज मला वाटते, तेव्हाही वाटली होती.

त्यानंतर कितीतरी महिने मी यशवंतपूरला फिरकले नाही. शेवटी गेले, तर आमच्या काउंटरच्या जागी मिक्सर मांडलेले. मालकाने अण्णांचं घर सांगितलं. मागच्याच गल्लीत, दुसरा मजला.

अण्णा घरीच होते. नुसत्या शर्टात होते, टी-शर्टाशिवाय. मला वाटलं ते तोंड फिरवतील, निदान रागाने चार शब्द बोलतील. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बायकोला कॉफी सांगितली. दुसरं काम मिळालं का, म्हणून मी विचारलं. "बघतोय की," म्हणाले. मग म्हणाले, "आपल्या लहान टॅबचं काय?"

"बंद केला अण्णा. आणखी दोनदा किंमत उतरवली. कोणी घेईना."

"अय्यो, पाप!"

कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा. एवढं कन्नड मला आता कळतं. अण्णा टॅबची कीव करत होते. मला मात्र तो शब्द मराठीतूनच ऐकू आला.

कॉफी आली. अण्णांनी ती माझ्या हातात दिली आणि जरा घुटमळले. मग बायकोकडे एकदा पाहून म्हणाले, "अक्का, तुमच्या त्या कागदात माझं नाव होतं काय?"

"होतं," मी म्हणाले.

"हौदा?" त्यांचा चेहरा उजळला. "आडनाव नीट घातलं ना? सगळे चुकवतात."

"नीट घातलं."

"ऐकलंस काय," ते बायकोला म्हणाले, "व्हाइटफील्डच्या कागदात आलंय. नीट आलंय म्हणतात." बायको माझ्याकडे पाहून हसली आणि आत जाऊन चकलीची बशी घेऊन आली.

त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं. नावही नाही. दुकानात सगळे अण्णा म्हणत आणि कंपनीच्या यादीत नुसता क्रमांक होता. मी चकली खाल्ली, कॉफी संपवली आणि निघाले. दाराबाहेर भिंतीवर नावाची पाटी होती, पितळेची, चांगली घासलेली. सगळी अक्षरं कन्नड. चार वर्षांवर आणखी एक वर्ष या गावात काढूनही मला ती वाचता येत नाहीत. फोन काढून फोटो घेतला असता तर त्याने दोन सेकंदांत वाचून दाखवलं असतं. पण मी जिन्याच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अण्णा दारात उभे राहून हात हलवत होते.