तुकिरान आणि चौथा कप्पा

सुरबायाच्या त्या बँकेत तुकिरानशिवाय मशीन सुरू होत नाही, असं सगळे म्हणत. ही बातमी पहिल्यांदा पसरवली कोणी, तर खुद्द तुकिरानने.

मशीन म्हणजे कपाटाएवढा सर्व्हर. आत चार कप्पे, आणि प्रत्येक कप्पा म्हणजे स्वतंत्र संगणक. कुठल्या डिस्कवरून उठायचं, ती नाही सापडली तर कुठल्या, ही उठायची वाट ज्याला त्याला एकदा नेमून दिली की वीज आल्यावर कप्पे आपापले उठतात. तुकिरानने नेमकं तेच मोडून ठेवलं होतं. आपोआप उठायची सोय बंद, वाटा पुसलेल्या, आणि त्या फक्त त्याच्या डोक्यात. मशीन बंद होऊन चालू झालं की अर्ध्यावर थांबे आणि त्याची वाट बघत बसे. मग फोन जायचा. हे महाशय समोरच्या टपरीवरचा काळा रावोन, म्हणजे मटणासारखा काळपट रस्सा, भातासकट संपवून, दात कोरत यायचे आणि तीन ओळी ठोकायचे.

"म्हातारं झालंय मशीन. फक्त माझंच ऐकतं."

चौदा वर्षं हाताखाली राबणाऱ्या हेस्तिनिंग्रुमलाही त्या तीन ओळी दिसू नयेत, अशी व्यवस्था होती. "निंग, जरा भिंतीकडे तोंड कर गं. रंग उडालाय का बघ." ती बिचारी भिंत बघायची. रंग शाबूत असायचा.

पुढच्या महिन्यात तुकिरान छप्पन्नचा होणार, म्हणजे निवृत्त होऊन घरी जाणार. आणखी दोन वर्षं ठेवायचं की नाही, हे डायरेक्टर पाक गुनादींच्या (तिकडे पुरुषांना आदराने 'पाक' म्हणतात) हातात होतं. आणि नशीब बघा, शनिवारी सकाळी ट्रान्सफॉर्मर बदलायला वीज जाणार होती. वीज येईल, बँक अडकेल, गुनादींच्या डोळ्यांदेखत आपण ती सोडवू, असा बेत करून तुकिरान टपरीवर फोन समोर मांडून बसला.

वीज अकराला आली. साडेअकरा झाले. बारा झाले.

"पाक, फोन मेला की तुमची गरज?" टपरीवाल्या सुलिसबाईंनी विचारलं.

शेवटी त्याने स्वतःच फोन लावला.

"अडकलंय हो, पाक," निंग म्हणाली. "धावत या. डायरेक्टरसाहेब उभे आहेत."

अडकलं काहीच नव्हतं. कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या पडदा-कीबोर्डवर, जे टाइप होतं त्याची नोंद मशीन ठेवतं. कोणी टाइप केलं ते मात्र त्यात नसतं. भिंत बघून कंटाळलेल्या निंगने ती नोंद चाळून गेल्याच आठवड्यात तिन्ही चालत्या कप्प्यांच्या वाटा नेमल्या आणि आपोआप उठायची सोय चालू करून ठेवली. साडेअकराला बँक सुरू झाली होती. चौथा कप्पा मात्र रिकामा, आत एकही डिस्क नाही. "पाकना जरा सरावाला बसवते तिथे," ती गुनादींना म्हणाली होती. "अनुभव बघा तरी." गुनादींना गंमत आवडायची.

कन्सोल आधी कप्पा कुठला ते विचारतो. निंगने चार निवडून ठेवला होता. आकडा बघायची तुकिरानला सवयच नव्हती. जो माणूस सगळं पाठ करतो तो बघतो कशाला?

त्याने पहिली वाट ठोकली. असं साधन नाही, मशीन म्हणालं. दुसरी. नाही. तिसरी. नाही. पुन्हा पहिली. बाटिकचा शर्ट पाठीला चिकटला.

"पाक, मी भिंतीकडे बघू का?" निंगने गोड आवाजात विचारलं.

"गप गं!"

पंचवीस मिनिटं झाली. "शाखांमध्ये रांगा लागल्या असतील, नाही?" गुनादी हळूच म्हणाले.

तिथे तुकिरान फुटला. खुर्चीतून उठला, दोन्ही हात पोटाशी जोडून अदबीने वाकला. "साहेब, माफ करा. मीच केलं हे. आपोआप उठायची सोय मीच बंद केली, वाटा मीच पुसल्या. सहा वर्षं झाली. मला कुणी काढू नये म्हणून. पण आता खरंच सापडत नाहीये."

निंगचं हसू ओठातच राहिलं. तिला अर्धा तास घाम काढायचा होता, एवढंच.

गुनादींनी खिशातून बंद लिफाफा काढला. "तुमच्या मुदतवाढीवर सकाळीच सही केली होती मी. द्यायलाच आलो होतो." लिफाफा फाडून त्यांनी त्याचे नीट चार तुकडे केले. "बँक साडेअकरापासून चालू आहे, पाक. हा कप्पा रिकामा आहे. जायच्या आधी तेवढ्या वाटा निंगला सांगा, ती लिहून घेईल."

तुकिरान सांगत गेला, निंग लिहीत गेली.

"तिसऱ्या कप्प्याची चुकली, पाक," ती मान वर न करता म्हणाली. "मार्चमध्ये डिस्क बदलली ना तिथली? तुम्ही रजेवर होतात."

"तुला सगळं माहीत आहे, तर लिहून कशाला घेतेस?"

"साहेबांनी सांगितलंय," निंग म्हणाली. "हं, पुढची?"