आमच्या पुलाची लक्षवेधी

आमचं गाव आणि डांबरी रोड यांच्या मधी ओढा आहे. ओढ्यात पुलाचे तीन खांब उभे आहेत, वर काहीच नाही. सरकारनं बिल दिलं नाही म्हणून ठेकेदार मशीन उचलून घेऊन गेला. मागच्या पावसाळ्यात माझ्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स पल्याड उभी होती आणि आम्ही अल्याड. पाणी उतरेपर्यंत बायको गेली. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

यंदा सुनेला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत. हे दुसरं. पोरगा पुण्याला कंपनीत. घरात बाईमाणूस म्हणून तीच, नात अजून लहान. तिला काय होतंय ते तिनं मला सांगावं कसं आणि मी तरी विचारावं कसं? बायको असती तर चुलीपाशी दोन शब्दांत निपटलं असतं. मी आपला अंगणातून खोकून विचारायचो, "पोरी, बराबर हाय ना?"

"व्हय मामा, बराबर हाय."

ती न्हाई म्हणाली असती तर मी काय करणार होतो, देव जाणे.

आमचे आमदार विरोधी पक्षाचे. त्यांनी फोनवर सांगितलं, "काका, बुधवारी पुलाची लक्षवेधी लागली आहे. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावंच लागेल. टीव्ही बघा." पूल राहू द्या, ओढ्यात नळे टाकून कच्चा रस्ता करतो, एवढं मंत्र्याच्या तोंडून निघालं तरी मला बास होतं. त्या आशेवर मी सुनेला घरीच ठेवलं. उघडीप होती, ओढा गुडघ्यापर्यंत उतरला होता, तरी तिला पल्याड नेलं नाही.

बुधवारी चाचाच्या हॉटेलात टीव्हीसमोर बसलो. विधानसभेत आमचे आमदार उभे राहून विचारत होते, राज्यावर एवढं कर्ज काहून झालं, ठेकेदारांचे पैसे कुठं गेले, आधी कर्जावर चर्चा घ्या, मग बाकीचं. मंत्री म्हणाले, तुमच्याच काळातलं कर्ज आम्ही फेडतोय. मला आमचे लोक खरे वाटले. तिजोरी रिकामी आहे हे मला कोणी सांगायला नको, तीन खांब रोज दिसतात.

"चाचा, आवाज वाढीव."

"वाढवून काय करता भाऊ? वरडणंच जास्ती ऐकू येईल. बोलून कोण राहिलं तिथं?"

अध्यक्षांनी चर्चा नाकारली. तसे विरोधी पक्षाचे सगळे उठले आणि घोषणा देत बाहेर निघाले. आमचे आमदार सगळ्यात पुढं, हात वर करून. हॉटेलात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात अध्यक्षांनी आमच्या गावाचं नाव घेतलं. पुलाची लक्षवेधी. मांडणारे सदस्य सभागृहात नाहीत, पुढची घ्या. झालं. मंत्री जागेवरून उठलासुद्धा नाही.

चाचानं टीव्ही बंद केला. मी तिथूनच आमदारांना फोन लावला.

"काका, बघितलं का? सरकारला आज पार उघडं पाडलं!"

"अन् आमचा पूल?"

"पुढच्या अधिवेशनात घेऊ."

"तवर लेकरू बसाय लागल," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

घरी आलो तर औंढा गावाच्या बाजूला आभाळ काळं झालेलं. अंगणातूनच म्हणालो, "पोरी, चल. तुला माहेरी सोडतो." ती लगेच बाहेर आली. पिशवी भरलेलीच होती. किती दिवसांपासून भरून ठेवली होती, मी विचारलं नाही.

नातीला खांद्यावर घेतलं, सुनेनं माझा दंड धरला. गढूळ पाण्यात खालचा दगड दिसत नव्हता. एकदा तिचा पाय सरकला, तिनं पुलाच्या खांबाला हात टेकवला. तो खांब तेवढाच कामाला आला.

तिच्या माहेरी, डोंगरकडा गावात, विहीणबाई दारातच म्हणाल्या, "अहो व्याही, दुसरं तर सासरी करतेत ना?"

"सासरी सासू लागते," मी म्हणालो.

त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी घेतली.

परत येताना पाणी मांडीला लागलं. रात्रीतून ओढा भरला. आता मी अल्याड, ती पल्याड, आणि तिथून दवाखान्यापर्यंत डांबरी रोड आहे. तरी फोन वाजला की दोन-तीनदा वाजू देतो, मग उचलतो.