कुलपाला हाक

सत्यभामा खुर्चीवर बसली तरी अर्धीच बसते. चहा उभ्यानं पिते. बोलताना तिचा एक हात स्कूटीच्या किल्लीवर असतो. तिची आई वच्छलाबाई म्हणते, "हिला म्या उसाच्या फडाशेजारी कोपीत जनलं आन् पाचव्या दिवशी कोयता धरला. तवापासून ह्या पोरीचं बूड कुठं टेकलं न्हाई."

आष्टी तालुक्यातलं त्यांचं गाव दसऱ्यानंतर अर्धं रिकामं होतं. मुकादम आगाऊ उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बैलगाडीवर भांडी, कोंबड्या, पोरं चढतात आणि गाड्या कारखान्यांकडे लागतात. लहानपणी सत्यभामाही त्या गाडीवर असायची. निघताना कुलूप लावायचं काम तिचं. आई सांगायची, "वढून बग." ती ओढून बघायची. "पुन्ना." ती पुन्हा ओढायची. शेरडांनी दार घासू नये म्हणून आई कडीत बोरीची काटेरी फांदी खोचायची. मग कुणी मागं वळून बघायचं नाही.

पुढं मागं राहणाऱ्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह निघालं. ती राहिली, शिकली, कड्याच्या कॉलेजात बी.ए. झाली. आष्टीतल्या एका संस्थेत लागली. दुष्काळ पडला की ही संस्था अडलेल्या घरांच्या खात्यावर सरळ पैसे टाकते. ज्वारी घ्या, औषध घ्या, देणं फेडा. काय करायचं ते घरानं ठरवायचं. एखाद्या म्हातारीचा निराधाराचा पगार तहसिलीत अडकला असेल तर संस्थेची माणसं तोही सोडवून आणतात. सत्यभामाच्या अंगाला हे काम मापून शिवल्यासारखं बसलं. वाड्या, वस्त्या, तांडे. दिवसभर फिरायचं. कुणी "बसा" म्हटलं की ती म्हणायची, "बसले असं समजा."

२०१९चा मार्च. आदल्या सालच्या पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. गावात टँकर येत होता. गरजू घरं शोधायचं काम सत्यभामाकडं आलं. जे ऊस तोडायला गेले ते या मदतीत बसत नव्हते. त्यांच्या हाती उचल होती, काम होतं. मागं राहिलेल्यांचाच विचार करायचा होता.

या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाहेरून आलेली माणसं प्रत्येक दारात थांबायची, शेजारी चौकशी करायची. सत्यभामा स्कूटीवरूनच सांगायची, "हे गेलेत. हे बी गेलेत." कुलूप आणि कुलपावर बोरीची फांदी. आणखी काय बघायचं? तिचं अर्धं बालपण त्या फांदीमागं गेलं होतं.

यादी देवळापुढं वाचली गेली. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर ती एका म्हाताऱ्याच्या अंगठ्यासाठी छावणीत गेली. गावाबाहेरच्या माळावर सहकारी दूध संस्थेनं जनावरांची छावणी काढली होती. हिरव्या जाळीखाली रांगेनं दावणी. जो ऊस तोडायला अर्धं गाव गेलं होतं, तोच ऊस ट्रकमधून इथं येत होता आणि उरलेलं गाव तो तुकडे करून जनावरांपुढं टाकत होतं.

म्हातारा सापडला. अंगठा झाला. ती वळली तर एक बाई दाव्यापाशी उभी राहून तिच्याकडं बघत होती. मागं खिलारी बैलांची जोडी. जोडीच्या सावलीत एक माणूस पाय लांब करून बसलेला.

"वच्छलाबाईची न्हवं का तू?"

"व्हय. तुमी?"

"भामाबाई. वरल्या वस्तीवरली. टाकीच्या मागचं घर."

सत्यभामाला घर आठवलं. कुलूप आठवलं. फांदी आठवली.

"तोडीवरनं कवा आलात, मावशी?"

"गेलोच न्हाई तर येतो कशाचं?"

बसलेला माणूस तिचा नवरा, बंकट. गेल्या हंगामात उसाची गाडी उलटली आणि त्याची मांडी मोडली. हाड जुळलं, पण वाकडं. यंदा मुकादमानं दारात येऊन पाय बघितला आणि उचल न देता गेला.

"मग घराला कुलूप कावून?" सत्यभामाचा आवाज जरा चढलाच.

"आन् काय उगडं टाकू?" भामाबाई म्हणाली. "सकाळ-सांज हितं बैलांच्या कानातले बिल्ले मोजत्यात. मानूस दाव्यापाशी दिसलं न्हाई की जनावराचं नाव उडतंय. महिना झाला, आमी दोघं हितंच निजतो."

"फांदी खोचलीया..."

"शेरडाला कळतंय व्हय, मालक कुठं गेलाय ते?"

बंकट हसला. सत्यभामाला हसू आलं नाही.

"यादीत तुमचं नाव न्हाई, मावशी. म्या लिव्हलं, तुमी गेलात."

भामाबाईनं हातातला उसाचा तुकडा बैलापुढं टाकला. "कुलपाला इचारलंस. आमाला इचारायचं ऱ्हायलं."

मग ती सहज बोलल्यासारखं बोलली. रविवारच्या बाजारात जोडी काढायची होती. पायाचं औषध थांबलं होतं. वाणी आता उधार देत नव्हता. "छावनी बैलाला घालती. आमाला कोन घालतंय?"

"बैलं गेल्यावर दसऱ्याला गाडी कशी जुपनार?"

"न्हाई जुपायची," बंकट म्हणाला. "मोडका कोयता, वर बिनबैलाचा. मुकादम वाट बी इचारनार न्हाई."

सत्यभामा तिथून निघाली ती थेट आष्टीला. संस्थेचं कामकाज बघणारे बद्रीनाथ सर जेवत होते. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"नाव घालता येईल," ते म्हणाले. "पण यादी पुन्हा गावापुढं वाचायला हवी. नियम आपणच केलाय. उद्या कुणी म्हणायला नको, सत्यभामानं ओळखीचं नाव घुसवलं."

"गाव कुठाय, सर? अर्धं तोडीला, अर्धं छावणीत."

"मग?"

"मग छावणीत वाचते."

छावणी दूध संस्थेची आणि दूध संस्था सुंदररावांची. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते वजनकाट्यापाशी खुर्ची टाकून बसले होते.

"ही छावनी हाय, चावडी न्हाई," अप्पा म्हणाले. "तुझी सभा तिकडं देवळात घे."

"देवळात देव एकलाच हाय, अप्पा. मानसं तुमच्याकडं."

"आन् सभेत कुनी चाऱ्याच्या हिशेबाचं काढलं तर?"

"अध्यक्ष तुमीच. कुनाला बोलू द्यायचं, कुनाला न्हाई, ते तुमी बगा."

अप्पांनी टोपी नीट केली. "हार-नारळ?"

"दुष्काळ हाय, अप्पा. नारळ आनते. हार न्हाई."

"बरं. माईक तरी चांगला आन. मागल्या बारीला माझं भाषन कुनाला ऐकू गेलं न्हाई."

सभा मंगळवारी ठरली, सांजेच्या मोजणीला धरून. त्या वेळेला दावं सोडून कुणी हलत नाही. आधी सत्यभामा भामाबाईकडं गेली. नियमाप्रमाणं कुणीतरी उभं राहून सांगायचं असतं, हे घर का घ्यावं. भामाबाईनं बोलावं असं तिला वाटत होतं.

"न्हाई," भामाबाई म्हणाली. "जलमभर हातानं खाल्लंय. माझी गरिबी भोंग्यावर नगं."

"मग नाव कसं घ्यायचं, मावशी?"

"ते तुझं तू बग. गाळलं कुनी?"

मंगळवारी अप्पांनी नारळ फोडला. दूध संस्था कशी उभी राहिली ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग माईक सत्यभामाकडं आला. समोर माणसं आणि जनावरं सारखीच तिच्याकडं बघत होती.

"वरच्या वस्तीवर टाकीमागं बंकट आणि भामाबाईंचं घर आहे," ती म्हणाली. "त्याला कुलूप होतं. मी गाडीवरून उतरले नाही. हाक मारली नाही. ते तोडीला गेले असं लिहिलं. ते गेले नव्हते. चूक माझी आहे. नाव घालायला कुणाची हरकत आहे का?"

भामाबाई बैलाची पाठ खाजवत राहिली.

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. म्हाळू. आयुष्यभर शेळ्या-मेंढ्या राखलेला, आता लेकाच्या दोन गाई सांभाळत छावणीत बसलेला. "हरकत न्हाई," तो म्हणाला. "पन पोरी, आमच्या बी घरला कुलूपच हाय की. आमी काय मेलो काय?"

छावणी हसली. मग दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. मग तिसऱ्या रांगेतून. हसणं थांबलं.

बुधवारपासून ती प्रत्येक कुलपापुढं उतरू लागली. स्कूटी उभी करायची, दारापाशी जायचं, हाक मारायची. "हाय का कुनी?" पुष्कळ घरं खरंच रिकामी होती. तरी हाक मारायची. लोक टिंगल करायला लागले. "कुलपासंगं बोलती रं ती बाई." पाराजवळ कुणीतरी म्हणायचं आणि ती न बघता पुढं जायची.

एका घरातून उत्तर आलं.

"कोन हाय?"

दाराला बाहेरून कुलूप. कुलपावर फांदी. सत्यभामा जागची हलली नाही.

"कोन हाय भायेर? शेरडं हाकला."

शेजारीण धावत आली. आत दगडाबाई होती. तिच्या डोक्यात आता घर आणि विहीर यांची गल्लत व्हायची. लेक-सून तोडीला गेले होते. म्हातारी कुठं निघून जाऊ नये म्हणून कुलूप घालून, किल्ली शेजारणीला देऊन गेले होते. शेजारीण सकाळ-सांज उघडायची, भाकरी द्यायची, अंगणात बसवायची, पुन्हा आत घालायची. "काय करतील, सांगा?" ती म्हणाली. "फडात नेली तर तिथं कोन बगनार?"

सत्यभामानं तिथं काही लिहिलं नाही. ती ओट्यावर बसली. पुरी बसली. या घरावरून ती महिन्यापूर्वी गेली होती. स्कूटीवर बसल्या बसल्या म्हणाली होती, हे गेलेत.

शनिवारपर्यंत नवी नावं आष्टीला पोचली. पण बँकेचं काम सोमवारी. रविवार आधी येत होता.

रविवारी सकाळी ती छावणीत गेली तर बंकटचं दावं रिकामं. कुणीतरी म्हणालं, पहाटेच टेम्पोत घालून नेली जोडी. तिनं स्कूटी तशीच बाजाराकडं काढली.

बैलबाजारात धुरळा उठला होता. वैरण नाही तिथं विकणारे फार, घेणारे थोडे. बंकट काठीवर रेलून उभा होता. त्याचा हात व्यापाऱ्याच्या हातात आणि दोन्ही हातांवर उपरणं. इथला सौदा तोंडानं होत नाही. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा असतो. हात कापडाखाली असेपर्यंत तिसऱ्यानं बोलायचं नसतं. सत्यभामाला हे माहीत होतं. ती धापा टाकत उभी राहिली. उपरणं हललं. थांबलं. पुन्हा हललं. भामाबाई बैलांकडं बघत नव्हती.

बंकटनं हात काढून घेतला.

"चला," तो म्हणाला.

व्यापारी खांदे उडवून पुढं गेला. सत्यभामानं विचारलं, "भाव पडला?"

"भाव चांगला दिला. पन उजव्या बैलाचा. डावा नगं म्हनतो." बंकट काठीकडं बघत बोलला. "मुकादम बी असाच बोल्लता. बाईला एकलीला धाडता का, अर्धा कोयता धरतो म्हनून."

"मग तुमी काय म्हनला?"

"ते काय म्हनत्यात?" भामाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, चल नीघ." मग तिनं सत्यभामाकडं पाहिलं. "आलं का पैसं?"

"न्हाई अजून."

"कवा येतील?"

सत्यभामाकडं अशा प्रश्नाला एरवी तयार उत्तर असायचं. "म्हायती न्हाई, मावशी. उद्या बँकेत जाते."

"फुडल्या बाजारापस्तोर थांबतो," भामाबाई म्हणाली. "त्याच्या म्होरं न्हाई."

परतीच्या टेम्पोचे पैसे नव्हते. सांजेच्या मोजणीपूर्वी छावणी गाठायची होती, नाही तर जोडीचं नाव उडालं असतं. भामाबाईनं कासरा धरला. बंकटला चालवत नव्हतं, म्हणून तो स्कूटीवर मागं बसला. पुढं बैल, मागं स्कूटी. बैल जेवढे चालतील तेवढंच चालायचं. सत्यभामा दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी रेटत होती. तोल गेला की बंकट काठी टेकायचा.

"काय बाई हाय," तो म्हणाला. "जोरात चालवाय येतं, हळू न्हाई येत."

"शिकते की," ती म्हणाली.

छावणीत मोजणी सुरू झाली होती. शेवटच्या रांगेला मोजणारा पोचायच्या आत जोडी दाव्याला लागली.

भामाबाईचे पैसे पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी आले; जोडी राहिली, बंकटच्या पायाचं औषध पुन्हा सुरू झालं. म्हाळूचे आले. काही जणांचे मार्चअखेरीत अडकले ते अडकलेच. दगडाबाईच्या घराचं काय करायचं यावर बद्रीनाथ सरांची आणि सत्यभामाची दोनदा भांडणं झाली. अजून मिटलेली नाहीत. पैसे खात्यावर टाकता येतात. कुलपाआडच्या माणसाला सोबत कुठल्या खात्यातून द्यायची, हे कुणालाच ठरवता येत नाही.

त्या साली पाऊस उशिरा आला, पण आला. दसरा झाला. गाड्या निघाल्या. सत्यभामा एका सकाळी वरच्या वस्तीवरून जात होती. टाकीमागच्या घराला कुलूप होतं. कुलपावर बोरीची ताजी फांदी.

ती उतरली. "मावशी, हाय का कुनी?"

उत्तर आलं नाही. ती घराच्या मागं गेली. दावं रिकामं होतं. गाडीच्या चाकांचे माग ओल्या मातीतून रस्त्याला लागले होते. दोन्ही बैलांची पावलं होती, आणि त्यांच्यामागं चपलांची. वाकड्या पायाची एक, आणि एक सरळ. म्हणजे यंदा मुकादमानं पुरा कोयता धरला होता.

ती पुन्हा पुढं आली. फांदी जरा बाजूला करून कुलूप ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं.

मग पुढच्या दारापाशी गेली आणि हाक मारली.